संगणक साक्षरतेचा ऑनलाइन अभ्यासक्रम कसा असावा?

सीपीयूची व्याख्या तोंडपाठ, पण अर्ज टाइप करून तो ई-मेलला जोडून पाठवता येत नाही, असे विद्यार्थी उपनगरांतील महाविद्यालयांत आजही आढळतात. दोष त्यांच्यापेक्षा अभ्यासक्रमाच्या आखणीचा अधिक आहे.

२००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या ‘एमएस-सीआयटी’ने राज्यात संगणक साक्षरता घरोघरी नेली. मात्र त्या अभ्यासक्रमाचा आधार होता तो शिक्षण केंद्राचा आणि तिथल्या मार्गदर्शकाचा. ऑनलाइन शिकणारा अडखळला, तर त्याच्या शेजारी कोणीच नसते.

या अडचणीवरचे उत्तर मुंबईच्या उपनगरातच, पवईच्या आयआयटीत शोधले गेले. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली तेथे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. त्यातील प्रत्येक पाठ साधारण दहा मिनिटांचा असतो. विद्यार्थ्याने पडद्याच्या एका भागात पाठ चालवायचा, दुसऱ्या भागात प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडायचे आणि पाठ थांबवत थांबवत तीच कृती स्वतः करायची. नुसते पाहत बसण्याला येथे वाव नाही. पाठाची संहिता ध्वनिमुद्रणापूर्वी विषय न जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घेतली जाते. तज्ज्ञाला क्षुल्लक वाटणारी, म्हणून गाळलेली पायरी अशा वाचकालाच खटकते. ही एक गोष्ट जरी सर्वांनी उचलली, तरी निम्मे काम होईल!

भाषेचा तिढाही येथे शहाणपणाने सोडवला आहे. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत, परंतु पडद्यावरील मेनू इंग्रजीच. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ‘सेव्ह अ‍ॅज’ म्हणजे काय हे मराठीत समजते आणि उद्या कार्यालयात तोच शब्द समोर आल्यावर ती बावरत नाही.

अर्थात, ही पद्धत मोबाइलच्या इवल्या पडद्यावर चालत नाही. ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांच्यासाठी महाविद्यालयाची प्रयोगशाळा तासिका संपल्यावरही उघडी हवी. परीक्षाही पर्याय निवडण्यापुरती नको. विस्कळीत गुणपत्रक द्यावे. विद्यार्थ्याने त्याची तक्त्यात मांडणी करावी, बेरीज सूत्राने काढावी आणि ती फाइल पाठवावी. तपासायला वेळ लागेल, हे खरे. त्यामुळे शिक्षकांच्या कार्यभारात त्याची तरतूद आधीच करावी लागेल.