तळटीप : ‘जोडा लावणे’

३. जोडा लावणे : अकबराच्या पदरी वीस हजारांहून अधिक कबुतरे असल्याचे अबुल फजल ‘ऐने अकबरी’त नमूद करतो, आणि भिन्न जातींच्या संकराने त्यांची पैदास सुधारण्याचे श्रेयही तो बादशहासच देतो, मूळ मजकुरातील उल्लेख याच कसबाचा आहे. नर व मादी प्रथम खुराड्याच्या दोन कप्प्यांत, मध्ये जाळी घालून, शेजारी ठेवतात, आणि नर घुमू लागून मादीने मान लववून त्यास प्रतिसाद दिला म्हणजे मगच जाळी काढतात. कारण उतावीळपणे एकत्र सोडल्यास नर मादीच्या डोक्याची पिसे उपटून तिला रक्तबंबाळ करण्याचा संभव असतो. जमलेला जोडा सहसा मोडत नाही, यास्तव नवा संकर साधावयाचा तर जुना जोडीदार नजरेआड ठेवणे अगत्याचे ठरते. मादी बहुधा दोन अंडी घालते. दिवसा नर व रात्री मादी ती उबवते, ही गोष्ट अबुल फजलाच्याही नजरेतून सुटलेली नाही. सुमारे अठरा दिवसांनी पिल्ले बाहेर येतात, आणि ती स्वतः दाणे टिपू लागण्यापूर्वीच मादी पुन्हा अंड्यांवर येत असल्यामुळे प्रत्येक जोड्यास दोन घरट्यांची तजवीज करावी लागते.