कॅर्नगॉर्म, १९७१: पठारावरच्या दोन रात्री

शुक्रवार, १९ नोव्हेंबर, रात्र
एडिंबरातल्या एका शाळेच्या गिर्यारोहण क्लबची मुलं स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लॅगनलिया केंद्रात मुक्कामाला आली आहेत.

शनिवार, सकाळ सरताना
हवामानाचा अंदाज चांगला नाही, तरी मुलं चेअरलिफ्टने कॅर्नगॉर्मच्या उतारावर पोचतात. बेत असा: १,२४५ मीटरचं शिखर ओलांडायचं, पठारावरून दक्षिणेला बेन मॅकडुईच्या रोखाने जायचं आणि लेरिग ग्रू खिंडीतल्या कोरूरच्या झोपडीकडे उतरायचं. हवा बिघडलीच तर पठारावरच्याच ‘करन’ या दगडी निवाऱ्यात थांबायचं.

मला या बेतातला शेवटचा भाग सगळ्यात घातक वाटतो. वारा उठला की पावलं खाली वळली पाहिजेत. इथे ती पठारावर आणखी आत जाणार होती, आणि तीही अशा निवाऱ्याच्या शोधात, जो हिमवादळात स्वतःच बर्फाखाली दिसेनासा होतो.

त्यात मुलांचे दोन गट केलेले. दमदार मुलं अनुभवी प्रशिक्षकाबरोबर पुढे निघाली. मागच्या गटात पंधरा-सोळा वर्षांची सहा मुलं. त्यांच्याबरोबर शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करणारी विशीतली एक विद्यार्थिनी आणि अठरा वर्षांची एक मदतनीस. ज्यांना आधाराची जास्त गरज, त्यांच्याच वाट्याला अनुभव कमी आला.

दुपारी पावणेचार
नोव्हेंबरअखेरीला इथे सूर्य याच सुमारास मावळतो. पुढचा गट करनला पोचतो. मागचा गट भुसभुशीत बर्फात रखडला आहे. पठारावर आडोशाला झाड नाही, भिंत नाही. वर ढग, खाली बर्फ, दोन्ही सारखेच पांढरे. पुढे चढ आहे की कडा, हे पाऊल टाकेपर्यंत कळत नाही.

संध्याकाळ
निवारा फार दूर राहिलेला नाही, पण सापडणं अशक्य. लोखान बुई या छोट्या तळ्याच्या परिसरात, ओढ्याच्या अंगाला, उघड्यावरच रात्र काढायचं ठरतं. बर्फाचा बांध घालून मुलं स्लीपिंग बॅगांमध्ये शिरतात.

अशा वेळी आभाळातून पडणाऱ्या बर्फापेक्षा वाऱ्याने जमिनीलगत वाहून आणलेला बर्फ जास्त घात करतो. पिठासारखा बारीक, तो बॅगेच्या तोंडातून आत शिरतो, अंगाच्या उबेने वितळतो, कपडे भिजवतो. बाहेर त्याचा थर चढत जातो, दाबून घट्ट होतो आणि आतल्याला हात हलवणंही जड जातं. झटकत राहिलं तरच जीव वाचतो, पण गारठलेल्या माणसाची झटकायची इच्छाच आधी मरते.

रविवार, दिवसभर
वादळ थांबत नाही. निघण्याचा प्रयत्न होतो आणि फसतो. दुसरी रात्रही तिथेच.

रविवार, संध्याकाळनंतर
पुढचा गट सुखरूप खाली उतरला आहे. मागच्यांचा पत्ता नाही, हे आता स्पष्ट होतं. शोधपथकं अंधारात, त्याच वादळात वर चढतात.

सोमवार, सकाळी साडेदहाच्या सुमारास
हेलिकॉप्टरमधून एक आकृती दिसते, बर्फातून रांगणारी. ती मागच्या गटाची प्रमुख, शारीरिक शिक्षणाची विद्यार्थिनी. हात गोठलेले, तोंडातून शब्द फुटत नाही. तरी ओढा, तळं आणि गाडली गेलेली मुलं, एवढं ती कसंबसं सांगते. तेवढ्यावरून पथकं जागेपर्यंत पोचतात आणि बर्फ उपसू लागतात. एक मुलगा जिवंत सापडतो. बाकीची पाच मुलं आणि ती अठरा वर्षांची मदतनीस गेलेली असतात.

फेब्रुवारी १९७२
बॅन्फ इथे चौकशी झाली. या डोंगरांचे जाणकार संशोधक अ‍ॅडम वॉटसन यांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. मुलांना डोंगरात नेणं बंद करा, असं ज्यूरीने म्हटलं नाही. मुलांची ताकद आणि तयारी पाहा, नेणाऱ्यांचं प्रशिक्षण पाहा, असा त्यांचा रोख होता. मला तो अगदी रास्त वाटतो.

वाद पेटला तो पठारावरच्या अशा निवाऱ्यांवरून. ते हटवले तर पुढे कुणी उघड्यावर मरेल, असं काही गिर्यारोहक कळकळीने म्हणत होते, आणि ती भीती पोकळ नव्हती. पण निवारा आहे या भरवशावर किती जण नको त्या हवेत पठारावर गेले असते, याचाही विचार करायलाच हवा होता. अखेर १९७५ मध्ये करनचा निवारा पाडण्यात आला.