साप्पोरोतलं रेडिओचं दुकान

जपानी व्हिडिओ गेमचा इतिहास सहसा क्योतो आणि तोक्यो या दोन शहरांभोवती फिरतो. निंटेंडो क्योतोची, सेगा आणि नाम्को तोक्योच्या. पण निंटेंडोने आपल्या फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्राचं दार ज्या बाहेरच्या कंपनीसाठी सर्वांत आधी उघडलं, ती होती पार उत्तरेच्या, हिवाळाभर बर्फात बुडालेल्या होक्काइदो बेटावरची. साप्पोरोची हडसन सॉफ्ट.

18 मे 1973 रोजी युजी आणि हिरोशी या कुदो बंधूंनी ती सुरू केली, तेव्हा तिचा गेमशी काहीच संबंध नव्हता. हौशी बिनतारी संदेशवाल्यांना, म्हणजे हॅम रेडिओच्या शौकिनांना लागणारं सामान विकणारं ते दुकान होतं. युजींना वाफेच्या इंजिनांचं वेड होतं. 4-6-4 चाकांच्या ‘हडसन’ इंजिनावरून त्यांनी दुकानाचं नाव ठेवलं. गिऱ्हाईकही असंच, विकत घेतलेलं यंत्र आधी उघडून पाहणारं. सत्तरचं दशक संपता संपता घरगुती संगणक आले आणि दुकान त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहू लागलं. शार्पच्या संगणकांसाठी हडसनने स्वतःची बेसिक भाषाही तयार केली.

शार्पशी झालेली तीच ओळख कामी आली. फॅमिकॉमवर मुलांना प्रोग्राम लिहिता यावेत म्हणून निंटेंडोने कीबोर्डसह ‘फॅमिली बेसिक’ आणायचं ठरवलं, तेव्हा शार्पबरोबर हडसनही त्या कामात होती. 1984च्या जूनमध्ये ते बाजारात आलं. लगेच जुलैत हडसनचे स्वतःचे दोन गेम फॅमिकॉमवर उतरले, ‘नट्स अँड मिल्क’ आणि ‘लोड रनर’. त्यातला ‘लोड रनर’ मूळचा अमेरिकन, पण त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. बाहेरच्या कंपनीनेही फॅमिकॉमवर पैसा कमावता येतो हे सिद्ध झालं आणि एकेक कंपनी निंटेंडोकडे वळू लागली.

‘बॉम्बरमॅन’ हा हडसनचा सर्वांत मोठा मानकरी. 1983 साली तो संगणकांसाठी आला, 1985 साली फॅमिकॉमवर. चौकटींचा चक्रव्यूह, त्यात बॉम्ब ठेवायचा आणि तो फुटायच्या आत पळायचं, एवढाच खेळ. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या अनेक घरांत फॅमिकॉमच्या नकला टीव्हीला जोडल्या जात. एका ‘कॅसेट’मध्ये शेकडो गेम असल्याची बढाई मारणाऱ्या त्या संचांत ‘बॉम्बरमॅन’ असायचा. खेळणाऱ्या मुलांच्या कानांवर हडसनचं नाव मात्र क्वचितच पडलं असेल.

जपानात उलट होतं. तिथे कंपनीचा एक कर्मचारी मुलांचा हिरो झाला होता. प्रसिद्धीचं काम पाहणारे तोशियुकी ताकाहाशी सेकंदाला सोळा वेळा बटण दाबून दाखवायचे. 1985च्या उन्हाळ्यापासून हडसनने ‘कॅराव्हॅन’ या नावाने देशभर गेमच्या स्पर्धा भरवल्या आणि तिथे ‘ताकाहाशी मेइजिन’ला, म्हणजे उस्ताद ताकाहाशींना पाहायला गर्दी लोटायची. गवताचा घागरा नेसून कुऱ्हाडी फेकणारा ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’चा नायक त्यांच्यावरच बेतलेला. गंमत म्हणजे हेच ताकाहाशी मुलांना दिवसातून एकच तास खेळा असं बजावत.

दुसऱ्याच्या यंत्रावर गेम विकून हडसनचं समाधान होईना. तिने चिप स्वतः आखल्या, त्यांना घेऊन एनईसी या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीशी हातमिळवणी केली आणि 30 ऑक्टोबर 1987 रोजी ‘पीसी इंजिन’ बाजारात आलं. हातात मावेल एवढं यंत्र आणि बँकेच्या कार्डाच्या आकाराचं पातळ गेमकार्ड. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1988मध्ये, त्याला सीडी वाजवणारा जोड मिळाला. घरगुती गेमयंत्रावर सीडी येण्याची ही जगातली पहिली वेळ. सीडीवर जागा भरपूर, त्यामुळे ‘तेन्गाइ माक्यो’सारख्या गेममध्ये माणसांचे आवाज आणि र्‍युइची साकामोतोंचं संगीत वापरता आलं. जपानात या यंत्राने सेगाच्या मेगा ड्राइव्हला मागे टाकलं. अमेरिकेत ते ‘टर्बोग्राफिक्स-16’ म्हणून 1989 साली गेलं आणि तिथे मात्र त्याच सेगापुढे त्याचा निभाव लागला नाही.

‘मोमोतारो देन्तेत्सु’ हा 1988चा गेम खेळाडूला रेल्वे कंपनीचा मालक करून जपानभर फिरवतो. इंजिनावरून नाव घेतलेल्या कंपनीला हे शोभलंच. 1998 साली निंटेंडोसाठी पहिला ‘मारियो पार्टी’ही हडसननेच घडवला.

म्हणजे कसब आटलं नव्हतं. घाव बसला तो तिजोरीवर. नोव्हेंबर 1997मध्ये होक्काइदो ताकुशोकु बँक बुडाली आणि हडसनचा मुख्य कर्जदाताच गेला. भांडवलासाठी डिसेंबर 2000मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. पुढच्याच वर्षी कोनामी या गेम कंपनीने तिचे शेअर घेतले, 2005 साली ती कोनामीची उपकंपनी झाली आणि 1 मार्च 2012 रोजी कोनामीत पूर्णपणे विलीन झाली.

गेम फसल्यामुळे बुडालेल्या कंपन्यांच्या यादीत हडसनला बसवणं म्हणून अन्यायाचं ठरेल. राजधानीपासून लांब असल्याने तिचं काही अडलं नाही. अडलं ते आपल्याच बेटावरच्या एका बँकेवर विसंबल्यामुळे. बॉम्बरमॅन आणि मोमोतारो आजही कोनामीला पैसे मिळवून देत आहेत.