यीस्टमधील वाढ व विभाजनाचे संकेतमार्ग

आधी वाढायचे, मग दुभंगायचे, की थांबायचे, हे यीस्टची पेशी ज्या प्रथिनांच्या साखळ्यांतून ठरवते ते संकेतमार्ग. वाढ आणि विभाजन ही दोन वेगळी कामे आहेत, हे या एकपेशीय बुरशीने फार स्पष्ट दाखवले. बहुतेक मूलभूत काम दोन जातींवर झाले : पावाचे, मुकुलनाने वाढणारे सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसी आणि मधोमध दुभंगणारे शायझोसॅकॅरोमायसीस पोम्बे.

अन्नाची खबर : पावाच्या यीस्टमध्ये ग्लुकोज मिळताच रास प्रथिनांमार्फत चक्रीय एएमपी वाढते आणि प्रथिन कायनेज ए कामाला लागते. नायट्रोजनयुक्त अन्नाचा अंदाज टॉर प्रथिन घेते. हाइटमन, मोव्वा आणि हॉल यांनी १९९१ मध्ये बाझेल येथे ते शोधले. ईस्टर बेटाच्या मातीतील जिवाणूपासून मिळालेले रॅपामायसीन दिले, की भोवती भरपूर अन्न असूनही पेशी उपाशी असल्यासारखी वागते : रायबोसोमांची निर्मिती मंदावते, विभाजन थांबते.

स्टार्ट : विभाजनाचा निर्णय पेशीचक्राच्या जी-१ या वाढीच्या अवस्थेच्या अखेरीस होतो; तो टप्पा म्हणजे स्टार्ट. तोवर व्हि५ हे प्रथिन केंद्रकात बसून पुढची जनुके दाबून ठेवते. सीएलएन३ व सीडीसी२८ या प्रथिनांची जोडी त्याला फॉस्फेट जोडू लागते आणि ते केंद्रकाबाहेर पडते. मग सीएलएन१ व सीएलएन२ तयार होतात, उरलेले व्हि५ही हुसकावतात, आणि माघार संपते. पेशी मोठी होताना व्हि५ विरळ होते व त्यातूनच आकार मोजला जातो, हे आकर्षक स्पष्टीकरण अजून वादात आहे. विरुद्ध लिंगप्रकाराच्या पेशीकडून १३ अमिनो आम्लांचा अल्फा-घटक आला, तर फार१ प्रथिन पेशीला स्टार्टपूर्वीच अडवते. स्टार्ट ओलांडलेली पेशी मात्र चालू फेरी पुरी करते.

शोध : पावाच्या यीस्टमध्ये मुकुलनातून फुटणाऱ्या कळीचा आकार पाहून पेशी चक्रात कुठे आहे ते कळते. लेलँड हार्टवेल यांनी हेच हेरले. २३ अंश सेल्सियसला वाढणारी, पण ३६ अंशांवर ठरावीक टप्प्यात अडकणारी उत्परिवर्ती यीस्ट त्यांनी वेचली. सीडीसी२८ त्यांतूनच मिळाले. पॉल नर्स यांना एडिंबरात पोम्बे यीस्टमध्ये अवेळी, लहानपणीच दुभंगणाऱ्या पेशी आढळल्या. त्यांत वी१ हे जनुक बिघडले होते. एरवी ते सीडीसी२८ च्या पोम्बेतील जोडीदाराला, सीडीसी२ ला, रोखते, तर सीडीसी२५ तो अडसर काढते. दोघांना टिम हंट यांच्यासह २००१ चे नोबेल मिळाले. त्याआधी, १९८७ मध्ये, नर्स व मेलनी ली यांनी सीडीसी२ बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाचे समकक्ष जनुक घातले होते. त्या पेशी दुभंगू लागल्या.