उतावीळ विक्रेता कसा घडवला जाई? शिकागो, १९५० चे दशक

१/ घर विकण्यास उतावीळ मालक सापडत नसेल, तर तो घडवावा. शिकागोतील सट्टेबाज दलालांचा धंदा याच सूत्रावर चाले.

२/ गोऱ्यांच्या वस्तीत ते एखाद्या कृष्णवर्णीय स्त्रीला पैसे देऊन बाबागाडीसह फिरवीत. मग पत्रके, दूरध्वनी. संदेश एकच, भाव कोसळण्यापूर्वी विका.

३/ भेदरलेल्यांकडून स्वस्तात घेतलेले घर कृष्णवर्णीय कुटुंबास अनेकदा दुप्पट भावाने, हप्त्यांच्या करारावर विकले जाई. सरकारी कर्जहमीतून त्यांच्या वस्त्या वगळलेल्या असल्याने बँकांची दारे बंदच होती. हप्ता चुकला की घरही जाई आणि भरलेली रक्कमही.

४/ १९६८ मध्ये नॉर्थ लॉनडेलचे खरेदीदार संघटित झाले. त्याच वर्षी केंद्रीय कायद्याने भीती दाखवून घरे विकायला लावणे निषिद्ध ठरवले. अनेकांची बुडालेली पुंजी मात्र परतली नाही.