माळ्यावरचे रुमाल

दिवाळीची झाडलोट निघाली की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. तांब्यापितळेची भांडी चिंचेने लख्ख होतात, आणि एखाद्या ट्रंकेच्या तळाशी लाल फडक्यात बांधलेले कागदांचे पुडके हाती लागते. कोणी ते उलगडतो, दोन ओळींवरून डोळे फिरवतो आणि "मोडी दिसतेय" म्हणून पुन्हा गाठ मारतो. वाचणारे आजोबा केव्हाच गेलेले असतात. वाळवीला मात्र कोणतीही लिपी चालते.

राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे घ्या. चोरदरवाज्याने गड चढणाऱ्यांना हे गाव पायवाटेचे तोंड म्हणून ठाऊक. पण शिवाजी महाराजांनी मुरुंबदेवाच्या डोंगरावर गड बांधला, त्याच्या आधीपासून हे गुंजण मावळ वसते होते. शिळीमकरांची देशमुखी होती, पाटील-कुलकर्णी होते, नांगर धरणारी माणसे होती. पुढे हा मुलूख भोरच्या पंतसचिवांकडे गेला. संस्थानच्या पाच तालुक्यांपैकी एकाचे नावच राजगड होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले. आता या खोऱ्यातल्या कोणा कुटुंबाला आपले मूळ शोधावयाचे, तर देशमुखी कागद, संस्थानी कागद आणि अलीकडचे महसुली कागद असा तीन राजवटींचा माग काढावा लागणार. नुसत्या हौसेने ते होत नाही. त्यासाठी शिकावे लागते.

शिकण्याची सोय आपल्याकडे आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. तेथे मोडीचे वर्ग भरत आले आहेत. राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फेही वर्ग होतात. पुण्याच्या पुरालेखागारात तर पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल आहेत. सरदेसायांनी १९३० नंतर त्यातून निवडून पंचेचाळीस खंड छापले, तरी ती निवडच.

वर्गात पहिले काही दिवस मुळाक्षरे गिरवण्यात जातात. ओळीची रेघ आधी ओढलेली, तिच्याखाली शब्दाला शब्द चिकटलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. त्यात काळाप्रमाणे वळण बदलते. इंग्रजी अमदानीतल्या नोंदी सफाईने वाचणारा माणूस शिवकालीन कागदापुढे पहिलीतल्या मुलासारखा अडखळतो.

अक्षर लागले तरी काळ लागत नाही. "सबा अर्बैन अलफ" असे काही कागदावर येते. हे अरबी आकडे: सात, चाळीस, हजार. म्हणजे सुहूर सन १०४७. हा सन मृगाला पालटतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवावयाचे, म्हणजे १६४६ च्या पावसाळ्यापासून पुढचे वर्ष निघते. हे गणित एकदा हातात बसले की पूर्वजांची रांग आपोआप क्रमाने उभी राहू लागते. "बिन" शब्द दिसला की बापाचे नाव मिळाले. "मिरास" दिसली की जमीन वंशपरंपरेची. महजराच्या शेवटी कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी असते. त्या दोन-चार रेघांत एक माणूस गावाच्या सभेत साक्षीला उभा राहिलेला असतो.

आणि मग खरी परीक्षा येते. घरची वंशावळ बहुधा थेट एखाद्या राजकुळाला जाऊन भिडते. शिकलेला माणूस तेथे थबकतो. वतनाच्या भांडणात खोटे कागद करणारेही आपल्याच पूर्वजांत होते. माझ्या मते सोनेरी वंशावळीपेक्षा कर्जाचा एक मळका रोखा अधिक विश्वासाचा, कारण खोटे कर्ज कोण मिरवणार? परंतु कर्ज, दत्तक, भाऊबंदकी हे घरच्यांना सांगावयाचे म्हणजे थोडे धैर्य लागते.

एका घराच्या कागदांनी काय होऊ शकते, ते भोर तालुक्यातल्याच कारीच्या जेध्यांनी दाखवून दिले. त्यांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली छापली गेली. पूर्वी महाराजांचा जन्म १६२७ चा धरीत. या शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद निघाली. ती जपून ठेवणाऱ्यांनी ठेवली, म्हणून वाचणाऱ्यांना वाचता आली.

ज्यांच्या घरी ट्रंकच नाही त्यांनीही निराश होऊ नये. जन्ममृत्यूचा गाव नमुना चौदा, म्हणजे आपले कोतवाल बुक, तहसिलीत पाहता येते. जुनी पाने मोडीतच आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधावयास घेतल्या, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलावणी आली. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला गेलेल्या पणजोबांची नावे सापडतात. कोल्हापूर-बेळगावकडे तर हेळवी दारात येऊन पिढ्या म्हणून दाखवतात.

वर्गाला नाव घालण्याआधी करण्यासारखे एक काम मात्र या चार दिवसांतलेच आहे. भाऊबीजेला घर भरते. आत्या आणि मावश्या एका पंगतीला बसतात. त्यांच्याकडून माहेर-सासरची नावे, गावे, कुलदैवते विचारून वहीत उतरवावीत, कारण महजरात बायकांची नावे फार थोडी येतात. आणि ते पुडके? त्याचे फोटो काढून ठेवावेत, फाटले तेथे चिकटपट्टी लावू नये, आणि ते पुन्हा सुती फडक्यात, सैल गाठीने बांधावे.