कर्नल कोडमधील टिपणी
संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, दुर्बोध कोडचा हेतू उलगडण्यासाठी त्यालगत लिहिलेला मजकूर. कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर तो वगळतो. तो वाचणाऱ्या माणसासाठीच असतो. कोड काय करतो हे ओळींतून कळते; सामायिक माहितीचे रक्षण करणारे लॉक विशिष्ट क्रमानेच का घ्यायचे, हे टिपणी सांगते. लिनक्स कर्नलमध्ये प्रत्येक मेमरी बॅरिअरलगत (मेमरीतील वाचन-लेखनाचा क्रम राखणाऱ्या सूचनेलगत) असे कारण देणे अपेक्षित असते.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी युनिक्स या कार्यप्रणालीच्या सहाव्या आवृत्तीच्या कर्नल कोडवर विद्यार्थ्यांसाठी सविस्तर भाष्य लिहिले (१९७६–७७). परवान्याच्या बंधनांमुळे ते अनेक वर्षे मुख्यतः छायाप्रतींतून वाचले गेले. १९९६ मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. युनिक्सच्या त्याच सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर एमआयटीत २००६ मध्ये घडवलेली ‘एक्सव्ही६’ ही प्रणाली आयआयटी मुंबईतही अध्यापनासाठी वापरली जाते. कोणत्याही कर्नलचा कोड बदलताना त्यालगतची टिपणीही सुधारणे आवश्यक असते. कालबाह्य टिपणी वाचकाची दिशाभूल करते.